‘वादग्रस्त’ कोण, हे ठरवणार कोण?

भिलाईजवळ कुटेलाभाठा येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विस्तीर्ण संकुल उभे राहिले आहे. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनीच जम्मूहून त्याचे लोकार्पण केले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला संस्थेच्या ‘मेराज’ नावाच्या वार्षिक महोत्सवात यश राठी या विनोदी कलाकाराचा एकपात्री कार्यक्रम झाला. त्यातील भाषा अश्लील होती अशी ओरड झाली, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, आणि यापुढे संस्थेत असले विनोदी कार्यक्रम होणार नाहीत असे प्रशासनाने जाहीर करून टाकले. काही दिवस गाजून प्रकरण विरले.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा डाव्या वर्तुळांतही आढळतात. एका तऱ्हेचे लोक म्हणतात, की सुखवस्तू घरांतील तरुणांच्या करमणुकीत कोणी शिव्या दिल्या, कोणी त्या बंद केल्या, यात कामगारवर्गाचे काय गेले? दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांना यात विनोदाच्या स्वातंत्र्यावर कोसळलेले महासंकट दिसते. दोन्ही मते वरवरची आहेत. कार्यक्रमातील भाषा हीन होती की नव्हती, हा प्रश्न येथे गौण आहे. करमणुकीच्या बाजारात आज शिवीला भाव आहे. बाजाराने घडवलेल्या त्या मालाची तरफदारी करण्याचे कम्युनिस्टांना काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो पुढच्या पावलाचा. एका माणसाच्या तोंडच्या शब्दांची शिक्षा एका संपूर्ण कलाप्रकाराला झाली, आणि त्या कलाप्रकाराच्या आडून आपल्या व्यासपीठावर कोणाला बोलवायचे हे ठरवण्याचा विद्यार्थ्यांचा अधिकार प्रशासनाने स्वतःच्या खिशात घातला. अश्लीलतेच्या नावाने एकदा खिशात गेलेला अधिकार उद्या देशहिताच्या नावाने वापरला जाणार नाही, अशी हमी कोण देणार?

ही हमी देता येत नाही, हे सांगायला दूर जाण्याची गरज नाही. त्या कार्यक्रमाच्या अवघे सोळा दिवस आधी, ३० ऑक्टोबर २०२४ रोजी, छत्तीसगड सरकारने मूलवासी बचाओ मंच या बस्तरमधील संघटनेवर वर्षभराची बंदी घातली होती. १७ मे २०२१ रोजी सिलगेर येथे सुरक्षा दलाच्या तळाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर गोळीबार होऊन माणसे मेली, त्या आंदोलनातून ही संघटना पुढे आली. तिचे बहुतेक पुढारी विशी-पंचविशीतले आदिवासी तरुण-तरुणी होते, म्हणजे कुटेलाभाठ्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे. विकासकामांना आणि सुरक्षा तळांना ते विरोध करतात व लोकांना चिथावतात, असे कारण सरकारने दिले. एकाच राज्यात, एकाच पंधरवड्याच्या मागेपुढे, दोन तरुण गटांच्या तोंडावर सरकारी हात पडला. एकाचा कार्यक्रम गेला, दुसऱ्याची संघटनाच बेकायदा ठरली. पहिल्या बंदीची हळहळ वाटणाऱ्यांपैकी दुसरीची आठवण किती जणांना आहे?

बंदीची ही मालकी भिलाईच्या परिसरात नवी नाही. तिचा इतिहास पोलाद कारखान्याइतकाच जुना आहे.

राजनांदगावचा प्राध्यापक

भिलाईहून नागपूरच्या दिशेने चाळीसेक किलोमीटरवर राजनांदगाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ साली एक प्राध्यापक रुजू झाला. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटा भाऊ शरच्चंद्र नागपुरात मराठीचा नामवंत कवी, कादंबरीकार आणि मार्क्सवादी समीक्षक. हा प्राध्यापक म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. नागपुरातली तुटपुंज्या पगाराची नोकरी, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक अशा ओढाताणीनंतर राजनांदगावला त्यांना थोडी स्थिरता लाभली होती. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली, तेव्हा ते जवळच विद्यार्थ्यांना साहित्य शिकवत होते.

मुक्तिबोधांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक लिहिले. राजघराण्यांच्या वंशावळीपेक्षा समाजाच्या घडणीला त्यात महत्त्व होते. जातीयवादी गटांनी पुस्तकाविरुद्ध काहूर उठवले, आणि १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. त्या वेळी भोपाळला सरकार काँग्रेसचे होते. धर्मनिरपेक्षतेची जपमाळ ओढणाऱ्या पक्षाच्या सरकारने धर्मांधांच्या तक्रारीवर शिक्का उठवला, एवढे या प्रकरणाचे सार आहे. ज्या पुस्तकातून चार पैसे मिळून संसाराची घडी बसेल अशी आशा असावी, तेच पुस्तक गुन्हेगार ठरले. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६४ रोजी, दिल्लीच्या रुग्णालयात मुक्तिबोधांचा मृत्यू झाला. तोवर त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह छापून निघालेला नव्हता.

आज त्याच महाविद्यालयाच्या आवारात मुक्तिबोधांचे स्मारक आहे. मंत्री येतात, हार घालतात, छायाचित्रे निघतात. मेलेल्या कवीला स्मारक आणि जिवंत शिक्षकाला बंदी, ही सत्ताधारी वर्गाची जुनी रीत आहे. हार घालणाऱ्या हातांपैकी कोणत्या हाताने त्या बंदीबद्दल चार खेदाच्या ओळी लिहिल्या, हे मात्र विचारू नये.

या प्रकरणाची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे, कारण पुढे ती जशीच्या तशी वापरात राहिली. कोणीतरी भावना दुखावल्याची तक्रार करतो. पुस्तकात किंवा भाषणात खरोखर काय आहे, याची छाननी होण्यापूर्वी गोंगाट होतो. गोंगाटाला ‘लोकांचा क्षोभ’ असे नाव दिले जाते. मग शांतता राखण्याच्या नावाखाली सरकार किंवा प्रशासन गोंगाट करणाऱ्याला सोडून बोलणाऱ्याला दटावते. १८४२ साली प्रशियाच्या प्रसिद्धिपूर्व नियंत्रणावर तरुण मार्क्सने कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी त्याचे ‘ऱ्हाइनिशे त्साइटुंग’ बंद पाडण्यात आले. लेखनस्वातंत्र्याचा झगडा भांडवली चैनीचा आहे असे मानणाऱ्या डाव्यांनी, मार्क्सच्या राजकीय लेखनाचा आरंभच या विषयाने झाला, हे ध्यानात ठेवावे.

कारखान्याचे फाटक आणि विद्यापीठाचे फाटक

विद्यापीठातील मुस्कटदाबी हा बुद्धिजीवींचा खासगी प्रश्न आहे, या समजुतीला भिलाईइतके चोख उत्तर दुसऱ्या कोणत्या गावाने क्वचितच दिले असेल.

सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखान्याभोवती खासगी उद्योगांचा पट्टा वाढला. तेथे कायम नोकरी, रास्त वेतन, संघटनेची मान्यता यांपैकी काहीच नसलेले हजारो ठेकेदारी कामगार राबत होते. १९९० साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा लढा पेटला. नियोगींच्या मार्गाशी पक्षाचे मतभेद होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. त्याचबरोबर हेही लपवू नये, की १९७७ साली दल्ली-राजहऱ्याच्या ठेकेदारी खाणकामगारांनी प्रस्थापित संघटना सोडून वेगळा संघ उभारला, तेव्हा सोडलेल्यांमध्ये डाव्या नेतृत्वाखालची संघटनाही होती. आपले म्हणणे कोणी ऐकत नाही असे कामगारांना वाटले म्हणून ते गेले. बोलण्याचा हक्क म्हणजे काय, हे त्या खाणकामगारांनी कोणत्याही विद्यापीठाआधी शिकवले होते. त्यातून काही शिकायचे असेल तर आजही उशीर झालेला नाही.

नियोगींचे हत्यार काय होते? सभा, पत्रक, मोर्चा, निवेदन. सत्तेने त्याला दिलेले उत्तर क्रमाने पाहावे. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या खटल्यांवरून अटक झाली. मग दुर्ग व लगतच्या जिल्ह्यांतून त्यांना हद्दपार करण्याची कारवाई सुरू झाली. हद्दपारी म्हणजे तरी काय? माणूस जिवंत ठेवायचा, पण ज्यांच्याशी त्याला बोलायचे आहे त्यांच्यापासून त्याला तोडायचे. सप्टेंबरात कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन ते दिल्लीला गेले आणि त्यांनी राष्ट्रपतींना निवेदन दिले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील घरात झोपेत असताना खिडकीतून गोळ्या घालून त्यांचा खून करण्यात आला. आपल्या जिवाला धोका असल्याचे त्यांनी आधीच ध्वनिफितीवर बोलून ठेवले होते.

दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ साली उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरवले. वर्षभरात उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडले. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकट्या मारेकऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. गोळी झाडणारा बोट सापडले, बोटामागचा हात कायद्याला दिसला नाही. खुनानंतर नऊ महिन्यांनी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक कामगार ठार झाले. तेव्हा भोपाळला सरकार भारतीय जनता पक्षाचे होते. १९६२ चे सरकार काँग्रेसचे, १९९१-९२ चे भाजपचे. झेंडे बदलले, ऐकून न घेण्याची वृत्ती तीच राहिली.

याच चळवळीने विद्यापीठाला एक शिक्षिका दिली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून गणिताची पदवी घेतलेल्या सुधा भारद्वाज १९८६ मध्ये छत्तीसगडला आल्या, नियोगींच्या संघटनेत राबल्या, भिलाईच्या ठेकेदारी कामगारांत राहिल्या, पुढे वकील झाल्या आणि कामगारांचे व आदिवासींचे खटले लढवू लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात त्या अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवत असताना २८ ऑगस्ट २०१८ रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. येरवडा आणि भायखळा असा तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना जामीन मिळाला, तोही बोलण्यावर आणि मुंबई सोडण्यावर अटी घालून. आता कुटेलाभाठ्याचा प्रश्न पुन्हा विचारावा. त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी उद्या ठरवले, की आपल्यासारख्याच संस्थेत शिकून भिलाईच्या कामगारांत आयुष्य घालवलेल्या या बाईंच्या कामावर एक व्याख्यान ठेवावे, तर सभागृह मिळेल काय? विनोदी कार्यक्रमासाठी दार बंद करणारी कडी या व्याख्यानासाठी आपोआप उघडेल, असे समजणारा माणूस फार भोळा असला पाहिजे.

बस्तरबद्दल बस्तरमध्ये नाही, दिल्लीतही नाही

मे २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर, जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अर्चना प्रसाद, जोशी-अधिकारी संस्थेचे विनीत तिवारी आणि मार्क्सवादी पक्षाचे छत्तीसगड राज्य सचिव संजय पराते बस्तरच्या खेड्यांत फिरून आले. त्यांनी पाहिले ते सांगितले. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका आदिवासी ग्रामस्थाच्या हत्येच्या प्रकरणात या चौघांवर आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या मंजू कवासी यांच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तपासाचे पाऊल उचलण्यापूर्वी चार आठवड्यांची नोटीस द्यावी, असा आदेश झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोलिसांनी त्यांची नावे वगळली आणि २०२० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने प्रत्येकी एक लाख रुपयांची भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. नंदिनी सुंदर यांचे नाव वाचकांना आणखी एका कारणाने आठवेल. सलवा जुडूमला घटनाबाह्य ठरवणारा ५ जुलै २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्याच याचिकेवर झाला होता. बोलल्याची किंमत कोठून वसूल होते, ते यावरून कळावे.

तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, दिल्लीच्या रामजस महाविद्यालयात निषेधाच्या संस्कृतीवर चर्चासत्र होते. त्यात आदिवासी भागांतील युद्ध या विषयावर उमर खालिद बोलणार होता. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने हैदोस घातला, दगड आले, निमंत्रण मागे घेतले गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांनाच मार बसला. म्हणजे बस्तरबद्दल बस्तरमध्ये बोलले तर खुनाचा गुन्हा, आणि दिल्लीत बोलायचे ठरवले तर दगड. मग बोलायचे कोठे?

मुंबईची स्थिती निराळी नाही. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत नोव्हेंबर २०२३ मध्ये रंगकर्मी सुधन्व देशपांडे यांनी पॅलेस्टाईनच्या रंगभूमीसंबंधी वर्गात व्याख्यान दिले. त्यावरून तक्रारी झाल्या, फाटकाबाहेर अटकेच्या मागण्या झाल्या. लगोलग अचिन वनाईक यांचे व्याख्यान रद्द झाले. पुढच्या वर्षी एका नाटकावरून विद्यार्थ्यांना लाख-सव्वा लाख रुपयांपर्यंत दंड ठोठावण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने एका दलित संशोधक विद्यार्थ्याला, डाव्या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्याला, दोन वर्षांसाठी निलंबित केले. ऑगस्ट २०२५ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्टॅन स्वामी स्मृतिव्याख्यान विद्यार्थी परिषदेच्या आक्षेपानंतर रद्द झाले. आदिवासींसाठी झटता झटता न्यायालयीन कोठडीत मेलेल्या वृद्ध धर्मगुरूची आठवणसुद्धा ‘वादग्रस्त’ ठरली. या सर्व प्रकरणांत पाहुणा कोण होता? कामगारांचा, आदिवासींचा, दलितांचा, साम्राज्यवादाच्या बळींचा कैवारी. एखाद्या उद्योगपतीच्या दीक्षान्त भाषणाला कोणी ‘वादग्रस्त’ म्हटल्याचे ऐकिवात नाही, मग त्याच्या कारखान्यात किती ठेकेदारी कामगार किमान वेतनाविना राबत का असेनात.

‘कायदा व सुव्यवस्था बिघडेल’ ही प्रशासनाची लाडकी सबब आहे. ती कायद्याच्याही कसोटीला उतरत नाही. गोंधळ घालण्याच्या धमकीपुढे मान तुकवून अभिव्यक्ती दडपणे हा राज्यसंस्थेचा बचाव होऊ शकत नाही, संरक्षण देणे हे तिचे कर्तव्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. रंगराजन खटल्यात सांगून ठेवले आहे. तरीही कुलगुरू आणि प्राचार्य गुंडांच्या हाती नकाराधिकार देतात. यात भित्रेपणाचा वाटा आहेच, पण केवळ भित्रेपणा म्हणणे अपुरे आहे. नेमणुका ज्यांच्या हाती, त्यांच्या इच्छेचा अंदाज घेऊन वागणारा प्रशासकवर्ग आता तयार झाला आहे. वरून दूरध्वनी येण्याचीही गरज उरलेली नाही.

उदारमतवादी मंडळी या सगळ्याला ‘विचारांची बाजारपेठ’ या शब्दांनी उत्तर देतात. सर्वांना बोलू द्या, सत्य आपोआप जिंकेल, असा त्यांचा विश्वास. बाजारपेठेत सर्वांच्या खिशात सारखे पैसे नसतात, एवढी साधी गोष्ट ते विसरतात. वृत्तवाहिन्यांचा मालक आणि सिलगेरचा आदिवासी तरुण यांना सारखेच स्वातंत्र्य आहे असे म्हणणे म्हणजे ठेकेदार आणि मजूर यांना करारावर सही करण्याचे सारखेच स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यासारखे आहे. परंतु या टीकेवरून जे डावे ‘मग हे स्वातंत्र्य फसवेच आहे, आपण कशाला त्याचा कैवार घ्या’ असा निष्कर्ष काढतात, ते सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडतात. मालकाकडे वाहिन्या आहेत. सभागृह बंद झाल्याने त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्याकडे सभागृहावाचून काहीच नाही, त्याचाच आवाज त्यात बुडतो.

येथे एका अडचणीच्या प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. डाव्या विद्यार्थ्यांनी प्रतिगामी वक्त्याला रोखावे काय? डिसेंबर २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रामदेव यांना एका परिषदेसाठी बोलावले होते. विद्यार्थी संघाच्या पदाधिकाऱ्यांनी विरोध केला आणि रामदेव यांनी जाणे टाळले. पुष्कळांना तो विजय वाटला. सहाच आठवड्यांनी, ९ फेब्रुवारी २०१६ रोजी, विद्यार्थी परिषदेच्या तक्रारीवरून त्याच विद्यापीठाने एका कार्यक्रमाची परवानगी ऐन वेळी काढून घेतली आणि तीन दिवसांनी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष कन्हैयाकुमार राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. एकामुळे दुसरे घडले असे कोणी म्हणणार नाही. विद्यार्थी परिषदेला बहाण्याची गरज कधीच नव्हती. पण ‘हा पाहुणा आम्हाला चालत नाही, निमंत्रण रद्द करा’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी उच्चारले गेले की ऐकणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसू लागतात, आणि रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या टेबलावर आहे त्याचे वजन वाढते.

काळे झेंडे दाखवणे, सभात्याग करणे, प्रश्न विचारून वक्त्याला घामाघूम करणे, त्याच वेळी शेजारी दुसरी सभा भरवणे, हे सर्व बोलण्याचेच प्रकार आहेत आणि त्यांत कसर करू नये. मात्र प्रतिगाम्यांचे तोंड बंद करण्यासाठी प्रशासनाकडे अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या गळ्याचे माप शिंप्याला देऊन येणे होय. दंगल पेटवणारे, एखाद्या जमातीच्या कत्तलीचे उघड आवाहन करणारे भाषण ही गोष्ट निराळी. त्यासाठी फौजदारी कायदा आहे आणि तो लागू करण्यास सरकारे का कचरतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

छत्तीसगडचा कायदा महाराष्ट्रात

मराठी वाचकाला हे सर्व दूरचे वाटण्याचे आता कारण राहिलेले नाही. मूलवासी बचाओ मंचावर बंदी घातली ती छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायदा, २००५, या आधारे. या कायद्यात ‘बेकायदा कृत्या’ची व्याख्या कृतीपाशी थांबत नाही, तोंडी वा लेखी शब्दही तिच्यात येतो, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणेही येते. मिठाच्या सत्याग्रहाचे समर्थन करणारे व्याख्यानसुद्धा या व्याख्येतून निसटणार नाही. रमणसिंह सरकारने केलेला हा कायदा २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत काँग्रेस सरकारने रद्द केला नाही. जपून ठेवला आणि पुढच्या सरकारच्या हाती सुखरूप सोपवला. भिलाईचे चित्रपटकार अजय टी. जी. यांना २००८ साली याच कायद्याखाली तुरुंगात जावे लागले होते. डॉ. विनायक सेन यांच्यावर २००७ साली हाच कायदा चालवला गेला. डिसेंबर २०१० मध्ये रायपूरच्या न्यायालयाने त्यांना राजद्रोहाबद्दल जन्मठेप सुनावली आणि एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने याच धर्तीचे विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. ‘कडव्या डाव्या’ विचारांच्या संघटना हे त्याचे जाहीर लक्ष्य आहे. कडवा कोण आणि मवाळ कोण, हे सरकार ठरवणार! विधानसभेत मंजुरीच्या वेळी डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी एकट्याने विरोध नोंदवला. जनतेच्या हक्कांची भाषा करणाऱ्या मोठ्या विरोधी पक्षांना त्या घटकेला कंठ फुटला नाही. पूर्वी छत्तीसगडचा कारभार नागपूरहून चालत असे. आज छत्तीसगडचा कायदा नागपूरकडे चालत आला आहे. गडचिरोलीच्या खाणीविरुद्ध नागपूरच्या महाविद्यालयात बोलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची गाठ उद्या कोणाशी पडणार आहे, हे भिलाईने आधीच दाखवून ठेवले आहे.

म्हणून विद्यार्थी आघाडीतील आणि कामगार आघाडीतील साथींनी हे काम वाटून न घेता एकत्र करावे. अशा प्रत्येक मोठ्या संस्थेत वसतिगृह झाडणारे, खानावळीत भांडी घासणारे, फाटकावर रात्र काढणारे लोक ठेकेदाराचे कामगार असतात. सभागृहाचा हक्क मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या वेतनाचा प्रश्न त्याच सभागृहात मांडावा आणि संघटित कामगारांनी रद्द झालेल्या व्याख्यानाच्या निषेधाला आपले झेंडे घेऊन फाटकावर यावे. भिलाईपासून आरंभ करण्यास तारीखही हाताशी आहे. २८ सप्टेंबर हा नियोगींचा स्मृतिदिन. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर आणि नागपूर येथील प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी महिनाभर आधी रीतसर अर्ज द्यावा: विषय, १९९० चा ठेकेदारी कामगारांचा लढा, वक्ता, त्या लढ्यात उतरलेला एखादा कामगार. अर्जाची पोच घ्यावी. परवानगी मिळाली तर सभा भरवावी. नाकारली गेली तर कारण लेखी मागावे, खाली सही आणि हुद्दा घेऊन.